गाठी पेरणारा उपट्या

उपट्याला रोप जमिनीत नीट उभं असलेलं बघवत नसे. शेत कुणाचंही असो, बांधावरून जाता जाता हा खाली वाकणार, रोपाची मान धरणार आणि सरळ उपटून काढणार. मग माती झटकायची, मूळ डोळ्याशी न्यायचं, त्यावरचं काहीतरी नखाने फोडायचं, ‘हं’ म्हणायचं आणि रोप टाकून पुढे चालू लागायचं. या एका खोडीपायी त्याने जेवढा मार खाल्ला तेवढा एखाद्या सराईत चोरानेही खाल्ला नसेल. कपाळावर भली मोठी खोक, डाव्या कानाची पाळी फाटलेली, एक बरगडी कायमची वाकडी. खरं नाव गणू. पण गुहागरच्या बाजारापासून दाभोळच्या धक्क्यापर्यंत कुणालाही विचारा, उपट्या म्हटल्याशिवाय ओळखत नसत. रागावलेले लोक उपटसुंभ म्हणत, आणि गावात रागावलेलेच जास्त होते.

तो माझा दीर. मी लग्न होऊन त्या घरात आले ती पंचवीस सालच्या आगेमागे. माझे वडील शाळामास्तर, म्हणून चार बुकं शिकलेली, आणि आईविना वाढलेली, म्हणून तोंडाने फटकळ. माझी आई गाठीच्या तापाने गेली. आता लोक प्लेग म्हणतात, आम्ही गाठीचा तापच म्हणायचो. आईच्या काखेत गाठ आली, तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि त्याच आठवड्यात माझे दोन भाऊ. तेव्हापासून ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला तरी मी तिथून उठून जाई. नाडीची गाठसुद्धा मी ‘गाठ’ म्हणत नसे, ‘बांध’ म्हणे.

सासरची माझी दुसरीच सकाळ. मी परसात भांडी घासत होते. एवढ्यात हा आला आणि सासूबाईंनी कुंपणावर चढवलेला पावट्याचा वेल त्याने मुळासकट खाली ओढला. सासूबाईंनी चुलीतलं जळतं लाकूड फेकून मारलं, ते त्याच्या खांद्याला चाटून गेलं. ह्याला त्याचं काहीच नाही. हसत हसत माझ्यापुढे येऊन उभा. “वयनी, ह्या बगा गाठी! ह्या नसत्या तर तुमच्या आमटीत पावटा पडला नसता.” मी बघितलं तर त्या पांढऱ्या मुळांवर नाचणीच्या दाण्यांएवढे फोड आलेले. त्याने एक फोड नखाने चिरला, तर आतून लाल. रक्तच! माझ्या हातात राखेने माखलेला तांब्या होता, तो मी त्याच्या तोंडावर हाणला. पुढचा दात तुटून मोरीत पडला. दिराची आणि माझी ओळख झाली ती ही अशी.

त्याने मात्र त्या दाताबद्दल एका शब्दाने मला दोष दिला नाही. जगाशी मारामाऱ्या करायचा, पण बायकांवर त्याने हात उचललेला मी पाहिला नाही. उलट चार दिवसांनी ओसरीवर बसून मला शिकवायला लागला. हे त्याचं ज्ञान घाटावरचं. तरुणपणी तो तिकडे एका सरकारी मळ्यात गडी होता. तिथले रावसाहेब झाडं उपटत, ह्याने मुळं धुऊन ताटलीत मांडून द्यायची. एकदा त्यांनी ह्याला भिंगाच्या यंत्रातून बघू दिलं. गाठीच्या आत काय वळवळतं ते ह्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथेच तो आयुष्यातून उठला. पुढे मुकादमाने धुतलेली मुळं केर समजून शेकोटीत टाकली, तेव्हा ह्याने मुकादमाचा जबडा फोडला आणि नोकरी गमावून घरी आला.

“गाठीत चाकरमानी ऱ्हातात, वयनी,” तो सांगायचा. “आपले दादा मुंबईस चाळीत ऱ्हातात ना, तसे. डोळ्यांना दिसत नाय येवढे बारीक. मातीतून येतात, मुळाचं दार वाजवतात, मूळ त्यांना आत घेतं आनि खोली बांधून देतं. मूळ त्यांना गोड खायला घालतं. ते काय करतात? हवेतलं खत धरतात नि झाडाला देतात. हवेत खत हाय, पन झाडाला ते धरता येत नाय. ह्यांना येतं. गाठ लाल असली तर समजा चाकरमानी कामावर गेले. पांढरी निघाली तर मेले नुसते बसून खातायत.” मी म्हटलं, “भावजी, ह्या गाठी म्हणजे रोग नव्हे कशावरून?” तर म्हणाला, “रोग असता तर पावटा हिरवा दिसला असता? पन मी पानाचं ऐकत नाय. पान खोटं बोलंल, मूळ नाय बोलनार.” हे त्याचं आवडतं वाक्य. माणसांच्या बाबतीतही तो तेच म्हणायचा.

त्याच्या ह्या वेडाने आमच्या घरात रक्त सांडलं ते शिमग्याला. माझे यजमान गिरणीतून रजा काढून आले होते. मळ्यातला वाल निघाला होता. भात पेरायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, छाटलेल्या डहाळ्यांचं कवळ जाळून राब भाजायचा, ही आपल्याकडची रीत. ह्यांनी वालाचे वाळके वेल मुळासकट उपटून त्या राबावर रचले आणि काडी ओढली. उपट्या कुठून तरी धावत आला. “दादा, वरचं काप नि जाळ! मुळं शेतात ठेव! चाकरमानी जिते जाळतोस मेल्या!” असं ओरडत तो जाळात शिरला आणि पेटलेले वेल हातांनी बाहेर ओढायला लागला. ह्यांनी त्याच्या पाठीत लाथ घातली. त्याने उलटून दांडकं घेतलं. दोघं सख्खे भाऊ त्या राखेत लोळत एकमेकांचे गळे दाबत होते आणि सासूबाई छाती पिटत होत्या. शेवटी ह्यांचं डोकं फुटलं, त्याचे दोन्ही तळहात भाजले. मी एकाच्या डोक्यात हळद भरली, दुसऱ्याच्या हाताला कोरफड लावली, आणि दोघांना अशा शिव्या दिल्या की शेजारची म्हातारी ऐकायला कुंपणाशी आली. त्याच आठवड्यात वाटण्या झाल्या. मळा आम्हाला आला. त्याच्या वाट्याला वरचा डोंगर फोडून केलेला नवा तुकडा आला, जिथे तोवर नाचणीशिवाय काही पिकलं नव्हतं.

त्या तुकड्यात त्याने पहिल्या वर्षी वाल लावला तो हळदीसारखा पिवळा पडला. बोटभर वाढून रोपं बसून राहिली. त्याने उपटून बघितली तर मुळं नुसत्या दोऱ्यासारखी, एक गाठ नाही. गाव पोट धरून हसला. दुसऱ्या वर्षी भात कापल्यावर तो आमच्या दारात आला. “वयनी, तुमच्या मळ्यातली तीस टोपल्या माती द्या.” मी म्हटलं, “माती कशाला हो? डोंगरात माती संपली?” तर म्हणतो, “दह्याला विरजण काय लागतं गो वयनी? माज्या जागेत दूध हाय, विरजण नाय. तुमच्या मळ्यात वाडवडिलांपासून वाल होतोय, त्या मातीत चाकरमानी मुरलेत. ते वर न्यायचेत.” मी हो म्हटलं. त्याने डोक्यावरून तीस टोपल्या वर नेल्या आणि मुद्दाम अर्ध्याच तुकड्यात टाकल्या. अर्धा तसाच ठेवला. म्हणे, लोकांना फरक दिसू दे.

आणि दिसला हो! महिन्याभरात तुकड्याच्या मधोमध रेघ मारल्यासारखं झालं. अलीकडे पिवळं, पलीकडे गर्द हिरवं. जे हसत होते तेच डोंगर चढून बघायला जायला लागले. तिघा-चौघांनी तर ह्याच्याकडे माती मागितली. उपट्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही मागत होतं. तो हवेत गेला. एका संध्याकाळी देवळाच्या पायरीवर उभा राहून पन्नास माणसांपुढे त्याने छाती ठोकली, “यंदा ह्या गावातल्या शेताशेतात गाठी आनीन! घराघरात पोचवीन!” मी बायकांत बसले होते. मला ऐकूनच कसंतरी झालं. अरे बाबा, दुसरा शब्द नव्हता का तुला?

त्यानंतर आठवडा झाला नसेल. वरच्या वाडीतला एक चाकरमानी मुंबईहून आगबोटीने दाभोळला उतरला तो तापानेच फणफणत. डोलीत घालून घरी आणला. जांघेत गाठ. दोन दिवसांत तो गेला आणि चौथ्या दिवशी त्याची आई. कुणी काही बोलायच्या आत गाव मनात एकच बोलायला लागला. उपट्याच गाठी आणणार म्हणाला होता. घराघरात पोचवीन म्हणाला होता. आणि मेलेल्याच्या बापानेच उपट्याकडून चार टोपल्या माती नेली होती. मुंबईत ताप आहे, आगबोटीतून येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुंबईला मारायला कसं जाणार? उपट्या हाताशी होता.

गावकरांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. गावकर म्हणजे आमच्या गावचा मानकरी, देवळातला त्याचा शब्द शेवटचा. गुरवाने देवीच्या अंगावर डावी-उजवीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गावकरांनी विचारलं, “शेतातल्या गाठीच गावात आल्या असतील तर उजवा दे.” पाकळी उजवी पडली. मी त्या वेळी देवळात नव्हते, घरी होते; यजमान मुंबईला गिरणीत. माझी सोनी तीन वर्षांची, तिला पहाटेपासून ताप होता. तिचं अंग पुसताना जांघेत माझ्या हाताला काहीतरी लागलं. लिंबोणीच्या बीएवढी गाठ होती.

पुढचं सांगायला आजही नको वाटतं, पण सांगणार आहे. देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला, माणसं दांडकी घेऊन डोंगराकडे निघाली होती. मी सोनीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं, दारामागची कोयती उचलली आणि त्यांच्या पुढे पळाले. पदर कुठे पडला ते मला कळलं नाही. डोळ्यांपुढे आई दिसत होती, भाऊ दिसत होते, आणि त्या हसऱ्या तोंडाने माझ्यापुढे धरलेलं ते मूळ दिसत होतं.

उपट्या तुकड्याच्या तोंडाशी पहार घेऊन उभा होता. “पिकाला हात लावाल तर एकेकाला गाडीन,” म्हणाला, आणि खरंच पहिला पुढे आला त्या गावकरांच्या थोरल्या मुलाच्या खांद्यात पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. दांडकी, दगड, लाथा. एकाने त्याच्या गवती खोपटाला आग लावली. बाकीचे वालात शिरले आणि दोन्ही हातांनी रोपं उपटायला लागले. तो रक्ताने न्हालेला, तरी रांगत रांगत हिरव्या वाफ्यापर्यंत पोचला आणि वेलांवर पालथा पडला. हात पसरून त्याने जेवढे मावतील तेवढे वेल अंगाखाली घेतले होते. मी त्याच्या डोक्याशी जाऊन वेल तोडायला कोयती उगारली. त्याचा उजवा हात मधे होता. खोटं कशाला सांगू? हात मला दिसला होता. तरी मी कोयती खाली आणली.

दोन बोटं वेलांसकट तुटून पडली. तो ओरडला नाही. त्याने तो हात तसाच ओल्या मातीत खुपसला आणि रक्त थांबवायला माती मुठीने दाबून धरली. सगळे जागच्या जागी थांबले. बाईमाणसाने असं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी किंचाळत होते, “माझ्या सोनीला गाठ आली! तू आणलीस! तू!” त्याने मान वर केली. एक डोळा सुजून मिटला होता. “कुठं हाय गाठ?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “जांघेत.” तो म्हणाला, “वयनी, गाठ काय बगताय, तिच्या खालचं बगा. त्या बाजूचा पाय बगा आदी.”

मी घरी कशी आले मला ठाऊक नाही. सोनीचा उजवा पाय उलटा केला. टाचेत बोरीचा काटा मोडून आत राहिला होता, भोवती पू धरलेला. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण, म्हणजे सुजेची गाठ, येतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी आई, मी चार बुकं शिकलेली, आणि मी तिचा पायसुद्धा बघितला नव्हता. काटा काढला, पोटीस बांधलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी पोर अंगणात लंगडी घालायला लागली. वरच्या वाडीतही तिसरं माणूस आजारी पडलं नाही.

उपट्याला मी आमच्या पडवीत आणून ठेवलं. त्याचं खोपटं जळलंच होतं. पोलीसपाटील चौकशीला आला तेव्हा मी दाराआड उभी होते, बोलायला तोंड उघडणार, तोच तो आतून ओरडला, “माजीच कोयती, माजाच हात. सटाकली. लिवा नि जावा.” पाटलाने तसं लिहिलं. मला वाटलं, आता मला शिव्या देईल, मारील, थुंकेल तरी. गावातल्या प्रत्येकाच्या माराची त्याने कधी ना कधी परतफेड केली होती. माझी केली नाही. मी जखम धुवायला बसले की तो वालाचं विचारी. किती उरला? हिरव्यातला का पिवळ्यातला? आणि मी, जिचं तोंड चुलीपेक्षा जास्त पेटतं असं सासूबाई म्हणत, ती ‘चुकले’ एवढा शब्द काढू शकत नव्हते. आज म्हणेन, उद्या म्हणेन असं करत आठ दिवस गेले. जीभ उचलेना.

नवव्या दिवशी पेज पिताना त्याचा जबडा अडकला. गुहागरहून डॉक्टर आणला. त्याने हात बघितला, जबडा बघितला आणि मला ओटीवर नेऊन विचारलं, “जखमेत माती गेली होती?” मी होय म्हणून मान हलवली. “धनुर्वात आहे. तो मातीतूनच येतो,” डॉक्टर म्हणाला, “आता फार उशीर झाला.” आत पडलेल्या त्याने ते ऐकलं असावं. मी गेले तेव्हा मिटल्या दातांतून, एकेक अक्षर ढकलत म्हणाला, “मातीला… बोल… लावू नका. तिथं… चाकरमानी बी ऱ्हातात… दरोडेखोर बी.” त्याचं ते शेवटचं बोलणं.

डॉक्टरने बजावलं होतं, घरात आवाज होता कामा नये. का, ते संध्याकाळीच कळलं. सासूबाईंच्या हातून पितळी पडली, आणि त्या आवाजासरशी उपट्याचं सगळं अंग ताठ होऊन मागे वाकलं. टाचा आणि डोकं तेवढं चटईवर, बाकीचा देह वर उचललेला. दातांखाली जीभ सापडून तोंडातून रक्त आलं. दारावर आम्ही पोती टांगली, गुरं शेजाऱ्यांकडे नेली, सोनीला माहेरी धाडलं. तरी कावळा ओरडला की झटका, कुणी शिंकलं की झटका. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कानाशी वाकले. बळ एकवटून, अगदी हळू “भावजी” एवढंच म्हटलं. त्याची पाठ अशी कडकडून वाकली की मणका मोडला असं वाटलं. माझ्या आवाजाने. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि चार दिवस काढला नाही. आता जीभ उचलत होती. आता बोलायचं होतं, आणि बोलले असते तर बोलण्यानेच त्याला मारलं असतं.

जबडा अडकल्यापासून पाचव्या दिवशी मी वर तुकड्यात गेले. अर्ध्याहून जास्त वाल लोकांनी उपटला होता, पण त्याच्या अंगाखाली आलेला वाफा तसाच होता, फुलावर आलेला. मी एक रोप उपटलं, पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात धुतलं, आणि आवाज न करता त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. मुळावर घोसच्या घोस गाठी होत्या. एक नखाने फोडली. लाल होती. तो बघत राहिला. त्याचे ओठ फाकलेले होते, दात दिसत होते. तो हसत होता की आजाराने तोंड तसं ओढलं होतं, ते मी आजवर ठरवू शकले नाही.

सहाव्या दिवशी भर दुपारी तो गेला. सासूबाईंनी हंबरडा फोडला, बायका जमल्या. मी सगळ्यांना पडवीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. त्याच्या उशाशी बसले आणि तोंडातला बोळा काढून म्हणाले, “भावजी, हात दिसला होता मला. चुकले मी.” मग ओरडून म्हणाले. घसा फाटेपर्यंत, बाहेरचे दार ठोठावू लागले तरी म्हणतच राहिले. त्याचं अंग जरासुद्धा हललं नाही.